सरळ कापलेली दारं

नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून देणं हे एक नवीनच काम तिच्यामागे लागलं होतं. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टरमध्ये, आणि डावा हात जन्मात कधी बटणाच्या वाटेला गेलेला नाही. रोज सकाळी तो मान वर करून भिंतीकडे बघत उभा राहायचा आणि ती खालून वर एकेक बटण लावत यायची. तीन आठवडे हेच चाललं होतं. दोघंही दमली होती, आणि कशानं दमलो ते एकमेकांना सांगायची सोय नव्हती.

"गळ्याचंही लावू का? साहेब येणार आहेत ना आज," ती म्हणाली.

"नको. फास आवळायला येतोय तो, लग्न लावायला नाही."

तीन आठवड्यांतला त्याचा हा पहिला विनोद. तिला हसू आलं नाही.

तर झालं होतं असं. नवऱ्यानं विमान बांधलं होतं. हो, विमान, खरंखुरं, दोन माणसं बसतील असं. आयुष्यभर विजेचे मीटर दुरुस्त केले, निवृत्त झाला, आणि लोक ज्या वयात कुंड्यांना पाणी घालायला लागतात त्या वयात ह्या गृहस्थानं नकाशे मागवून घरामागच्या शेडमध्ये विमान मांडलं. नऊ वर्षं खपला. असले आणखी काही खुळे गावाबाहेरच्या धावपट्टीवर जमायचे. त्यांचा क्लब होता, आणि दर रविवारी ही मंडळी एकमेकांच्या विमानांना नावं ठेवण्यात दिवस घालवायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती आपली पुढच्या खोलीत कपडे शिवायची. एकतीस वर्षं तिनं तेच केलं होतं, आणि तिनं शिवलेला कपडा कधी परत आला नव्हता.

विमानाशी तिचा संबंध आला तो दारांमुळे. ह्या विमानाची चाकं उडाल्यावर पोटात दुमडली जातात आणि त्यांच्यावर दोन दारं बंद होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दार म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही, चहाच्या मोठ्या ट्रेएवढं, जवळजवळ सपाट. पण ते करायचं काचेच्या धाग्याच्या कापडाचं. कापडाचे चार थर साच्यावर एकावर एक अंथरायचे, रेझिननं, म्हणजे डिंकासारख्या चिकट रसायनानं, भिजवायचे आणि वाळू द्यायचे. नवऱ्यानं तीनदा करून पाहिलं. एकदा सुरकुत्या पडल्या, एकदा फुगे आले, आणि तिसऱ्यांदा दारापेक्षा त्याच्या विजारीलाच रेझिन जास्त लागलं. शेवटी तिला राहवलं नाही.

"अहो, सरका बाजूला," ती म्हणाली. "कापडाला असं दामटून चालतं होय?"

तिनं केलेलं दार बघायला अख्खा क्लब घरी आला. सुरकुती नाही, फुगा नाही, कड इतकी साफ की त्यावरून बोट फिरवत बसावं. त्या दिवसापासून ती 'दारवाल्या वहिनी' झाली. तिघांनी हट्टच धरला, वहिनी, आमच्या विमानाचीही करून द्या. तिनं दिली. रविवारी धावपट्टीवर तिच्यासाठी आधीच खुर्ची मांडून ठेवलेली असायची. आणि खरं सांगायचं तर तिला ते फार, फार आवडायचं.

तीन आठवड्यांपूर्वी नवरा उंचावरून जरा वेगात खाली येत होता, तेव्हा उजवं दार फडफडायला लागलं. त्याला खालून धडधड ऐकू आली आणि पाय ठेवायची फळी हादरायला लागली. मग दार तुटलं आणि जाता जाता शेपटीला तडाखा देऊन गेलं. विमान कसंबसं एका मोकळ्या रानात आडवं झालं. नवरा वाचला, हात मोडला. दार बरंच लांब सापडलं, बिजागरीचा अर्धा तुकडा अजून त्याला चिकटलेला. बिजागरी मधोमध तुटली होती, आणि ती नवऱ्यानं स्वतः घडवली होती.

झालं, त्यानं तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. माझी बिजागरी, माझी चूक. दवाखान्यातून घरी आला आणि हत्यारं वाटायला काढली. ड्रिल एकाला, कानशी दुसऱ्याला, पान्यांची अख्खी पेटी दातांच्या डॉक्टरला. हा डॉक्टर क्लबातला त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. तो बिचारा नको नको म्हणत होता, पण नवऱ्यानं पेटी त्याच्या गाडीत ठेवायलाच लावली. "ज्या हाताचा भरवसा नाही त्याच्याजवळ हत्यार कशाला?" असं म्हणून तो आत गेला आणि तोंड फिरवून झोपला.

ती हे सगळं बघत होती आणि गप्प होती. क्लबच्या लोकांनी मोडकं विमान आणि ते दार शेडमध्ये आणून ताडपत्रीखाली ठेवलं, तेव्हा तिनं लांबूनच एक नजर टाकली होती. कापड कुठून फाटलं हे शिवणाऱ्या बाईला बघायला लागत नाही, दिसतंच. दार कोपऱ्यातून सुरू होऊन धाग्याच्या रेषेत सरळ फाटत गेलं होतं. तिनं ताडपत्री ओढली, कडांवर चार विटा ठेवल्या, आणि नंतर पुन्हा तिकडे फिरकली नाही. बिजागरी तुटलीय म्हणतात ना सगळे, मग बिजागरीच असेल, असं ती मनाशी म्हणायची. रोज म्हणायची.

पण आज शनिवार. अकरा वाजता अपघाताच्या चौकशीचे साहेब येणार, नवरा कागदावर सही करणार, की दोष बिजागरीचा. उद्या रविवारी क्लबची वार्षिक शर्यत. तिघांच्या विमानांना तिची दारं. तिघांनी नव्या पोलादी बिजागऱ्या बसवूनही घेतल्या होत्या आणि आता कसलीच काळजी नाही म्हणून निवांत होते. शर्यत म्हणजे विमान जेवढं पळेल तेवढं पळवायचं. त्यातल्याच डॉक्टरचा काल फोन आला होता, उद्या मागच्या सीटवर मुलीला बसवतोय, तिची पहिलीच खेप.

नवरा डाव्या हातानं दाढी करायला बसला, म्हणजे अर्धा तास गेला. ती शेडमध्ये गेली आणि विटा काढल्या.

तुटलेलं दार तिनं उलटं केलं. आतल्या बाजूला रंग नव्हता, त्यामुळे धागे स्वच्छ दिसत होते. उभे आणि आडवे. चारही थरांचे उभे आणि आडवे. भिंतीवर नकाशा अजून टाचलेला होता, त्यावर दाराच्या चौकोनात दोन बाण सरळ आणि दोन बाण तिरके.

"चार थर," नवरा तेव्हा म्हणाला होता. "दोन सरळ कापायचे, दोन तिरके. हा बाण बघ."

ती "हं" म्हणाली होती. आणि मग चारही सरळ कापले होते.

का, तर एकतीस वर्षांची सवय. तिरकं कापलेलं कापड ताणतं, लोंबतं, घेर खालीवर होतो, आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. शिवाय तिरकं कापलं की कोपऱ्याकोपऱ्यातून तिकोनी तुकडे वाया जातात, आणि चांगलं कापड वाया गेलेलं तिला बघवत नसे. ह्यांना कापडातलं काय कळतंय, असं ती मनात म्हणाली होती आणि कात्री चालवली होती. एका शब्दानं विचारलं नव्हतं, की बाबा, तिरकं कशाला? पुढची तीनही विमानांची दारं तशीच कापली होती, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या कापडाची व्यवस्थित घडी घालून ठेवली होती.

डावं दार धडधाकट होतं. लोकांनी ते सोडवून बाजूला उभं करून ठेवलं होतं. तिनं ते दोन हातांत समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरलं आणि पिळलं. पिळलं गेलं. इतकं सहज, की तिनं ते घाईनं भिंतीला टेकवून ठेवलं.

खाली बसली, रडली, मग डोळे पुसले आणि फोन घेतला. खरं बोलायला नव्हे. एवढा धीर अजून कुठला यायला? तिनं डॉक्टरला फोन लावला आणि म्हणाली, "भाऊजी, तुमची दारं जरा काढून देता का? कडेला थोडं काम राहिलंय माझं."

डॉक्टर खो खो हसला. "तुमच्या कामात काय राहणार वहिनी? परवा एक पायलट आला होता, त्याला वाटलं कारखान्यातूनच आणलीत. उद्या उडून आलो की घ्या हवा तेवढा वेळ."

"उद्याच्या आधी मिळाली असती तर बरं."

"अहो, अशानं तुम्ही आमच्या दातांनाही नावं ठेवाल! आराम करा. आमच्या मित्राला सांभाळा." आणि फोन ठेवला.

एरवी ज्या कौतुकासाठी ती आठवडाभर रविवारची वाट बघायची, त्याच कौतुकानं आज तिची वाट अडवली होती. खोटं बोलून चालणार नव्हतं. ते खोटं पटायला तिचं काम जरा तरी वाईट दिसायला हवं होतं.

साहेब अकराला आले. हडकुळा माणूस, बुटांवर धूळ, काखेत फुगलेली बॅग. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं आणि दोन पेले एका दमात संपवले. ह्या महिन्यातला हा चौथा अपघात, ते म्हणाले, आणि खुर्चीत बसल्यावर क्षणभर त्यांनी डोळेच मिटले. मग कागद काढले. सगळं आधीच लिहून आणलं होतं. बिजागरीचा पत्रा कमी पडला, वाकवताना त्यात चीर गेली असावी, वगैरे.

"बरोबर आहे," नवरा म्हणाला. "माझीच बिजागरी. कुठे करू सही?"

"इथे. डाव्या हाताची चालेल."

नवऱ्यानं डाव्या हातात पेन धरलं. लहान मुलं धरतात तसं, मुठीत. तिला ते बघवेना. ती शेडमधलं धडधाकट दार काखेत मारून खोलीत आली.

"साहेब, सही थांबवा. बिजागरीचं काही चुकलेलं नाही. दार चुकलंय, आणि दार मी केलंय."

नवरा पेन खाली न ठेवता म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका. मला वाचवायला बघतेय ती. तिच्या दारात चूक निघणं शक्य नाही, विचारा क्लबात कोणालाही."

साहेब थकल्या चेहऱ्यानं थोडंसं हसले. "होतं असं ताई. घरच्या माणसाला वाटतं, आपण थोडं अंगावर घ्यावं. मी समजू शकतो."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा आपली चूक आपल्या तोंडानं सांगायला निघालेली बाई, आणि हे दोघे तिला ती सांगू देत नाहीत!

"समजून घेऊ नका, बघा!" ती म्हणाली. "उठा. ही कड टेबलावर दाबून धरा. घट्ट. हीच कड विमानाला बिजागरीनं धरलेली असते ना? हां. आता हा कोपरा हवा ओढते असं समजा."

साहेबांनी मुकाट्यानं दार दाबून धरलं. तिनं मोकळा कोपरा धरला आणि वर ओढला. दार पिळलं. तिनं खाली दाबला. पुन्हा वर. पुन्हा खाली. चौथ्या-पाचव्या वेळेला आतून कटकट आवाज आला, आणि कोपऱ्यातून एक पांढरी रेघ धाग्याच्या रेषेत सरळ चालत गेली. तुटलेल्या दाराची रेघ जिथून निघाली होती, तिथूनच. हे दार तिनं सगळ्यांत आधी केलेलं. कडेवरून बोट फिरवत बसावं असं.

"मागच्या फाटकाला तुम्ही तिरकी फळी मारलीत," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "कशाला मारलीत?"

"फाटक लोंबू नये म्हणून," तो म्हणाला. विचार न करता, सवयीनं. "चौकट नुसत्या उभ्या-आडव्या फळ्यांची असली तर…"

आणि थांबला.

"ह्या दाराला तिरकी फळी नाहीये," ती म्हणाली. "नकाशात होती. तुम्ही सांगितलीही होती. मी घातली नाही."

साहेबांनी दार उजेडाकडे नेऊन आतले धागे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "दार असं पिळत राहिलं तर कुठलीही बिजागरी तुटेल. पोलादाचीसुद्धा." त्यांनी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा कोरा काढला. "ही दारं आणखी कोणाकडे आहेत?"

"तिघांकडे. उद्या शर्यत आहे."

साहेबांचा थकवा कुठल्या कुठे गेला. "नंबर द्या. मी फोन करतो."

"नको. मी दिली, मीच मागते."

डॉक्टरला तिनं दुसऱ्यांदा फोन लावला. तो पुन्हा काहीतरी गमतीचं बोलायला लागला, तेव्हा तिनं त्याला मध्येच तोडलं आणि सगळं सांगितलं. कापड कसं कापायला सांगितलं होतं, आपण कसं कापलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मागच्या सीटवर माझी पोरगी बसणार होती."

"म्हणून तर फोन केला, भाऊजी."

"सकाळी केलात तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

त्यानं फोन ठेवून दिला. दुसरा मित्र बरं म्हणाला, आभारही मानले. तिसऱ्यानं असा एक शब्द वापरला, जो क्लबात वहिनींसमोर आजवर कोणी काढला नव्हता. तिनं तो ऐकून घेतला. विमान उडवू नका एवढं पुन्हा एकदा त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि मग फोन ठेवला.

साहेब गेल्यावर नवऱ्यानं पेन टेबलावर ठेवलं. तिला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुला हे कधी कळलं?" त्यानं विचारलं.

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. ते पूर्ण खोटंही नव्हतं. पण आज खोट्यानं तिचं एकदा हसं झालं होतं, आणि आता तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"शंका पहिल्या दिवशीच आली होती. ताडपत्री घातली तेव्हा."

"तीन आठवडे."

"हो."

"मी हत्यारं वाटली."

"हो."

"तू दारात उभी होतीस. पान्यांची पेटी मी डॉक्टरच्या गाडीत ठेवायला लावली तेव्हा."

"होते," ती म्हणाली. "मला लाज वाटत होती हो. मला तिथं खुर्ची ठेवतात. ती जाईल असं वाटलं मला." आणि हे बोलून झाल्यावर तिला आपली इतकी किळस आली, की ती उठून मशीनपाशी जाऊन बसली. सुईत दोरा ओवायला घेतला, तो संध्याकाळपर्यंत काही ओवला गेला नाही.

तो शेडमध्ये गेला. तिथून ठोकण्याचा आवाज नाही, काही नाही. मध्ये एकदा तिनं डोकावून पाहिलं तर तो नकाशासमोर उभा होता आणि डाव्या हाताचं बोट त्या तिरक्या बाणावरून फिरवत होता.

रविवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेला खोलीत गेली, तर शर्ट घालून झाला होता. कसा घातला असेल कोण जाणे. मघाशी तिला कपाटाला धक्का लागल्याचा आणि दोनतीन वेळा चिडून पुटपुटल्याचा आवाज आला होता खरा. बटणं लावलेली होती, पण एक घर चुकवून. एक बाजू वर, एक खाली, गळ्याशी एक बटण जास्तीचं उरलेलं. तो तिच्याकडे न बघता बाहेर गेला. आज धावपट्टीवर शर्यत नव्हती. साहेब तिथं येणार होते, तिन्ही विमानांची दारं उतरवून तपासायची होती.

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. बरोबर आहे त्याचं, ती मनात म्हणाली. मीही गेलेच असते असं.

दोन मिनिटांनी तो परत आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"येतेस ना?"

"मी कुठं येऊ? कुठल्या तोंडानं येऊ?"

"मग दारं पिळून कोण दाखवणार? मला एकच हात आहे."

तिनं चपला घातल्या. जवळ आल्यावर तिचा हात आपसूक त्याच्या गळ्याशी गेला, त्या चुकलेल्या बटणाकडे. तो अर्धं पाऊल मागे सरकला.

"राहू दे," तो म्हणाला.

तिनं हात खाली घेतला आणि त्याच्या मागून चालायला लागली. मागचं फाटक त्यानं डाव्या हातानं उघडलं, आणि ती बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.